पुरवणी यादीतलं नाव

कुठलीही वेबसाइट उघडली की मी आधी भिंगाचं चित्र शोधते. वर उजव्या कोपऱ्यात असलं तर बरं, नसलं तर माझं डोकं फिरतं. बसचं वेळापत्रक असो की साडीचं दुकान, आत शिरलेल्या माणसाला हवी ती वस्तू कुठे आहे हे विचारायची सोय नको का? चाळीस पानांची फाइल टाकून ठेवतात आणि म्हणतात, घ्या, माहिती उपलब्ध आहे. असली माहिती असून नसल्यासारखी. नवरा म्हणतो, "तुला स्वर्गात नेलं तरी दारातच विचारशील, शोधायची खिडकी कुठे आहे?" मी म्हणते, विचारीनच, तिथे तर गर्दी जास्त असणार.

हे वेड मला नोकरीनं लावलं. माझं सासर पेडण्याला, आणि तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधांच्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळते. मी लागले तेव्हा तिथे एक जुने स्टोअरकीपर होते. कोणी काहीही मागितलं की ते खुर्चीवरून न उठता सांगायचे, तिसऱ्या रॅकच्या मागे, निळ्या डब्यात. आणि ते तिथेच असायचं. ते निवृत्त झाले आणि दोन महिने आमचे असे हाल झाले की विचारू नका. एकदा एका रबरी वायसरसाठी अख्खं यंत्र दिवसभर बंद राहिलं. दुसऱ्या दिवशी वायसर सापडला, तो माझ्या टेबलाच्या खणात. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मग मी साहेबांच्या मागे लागून स्टोअरच्या कॉम्प्युटरमध्ये शोधायची सोय करून घेतली. नाव टाका, जागा समजते. तेव्हापासून माझं मत पक्कं झालं होतं की जे शोधून सापडत नाही ते नसल्यातच जमा, आणि जे सापडतं त्यानं कोणाचं वाईट होत नाही. यातला दुसरा भाग किती कच्चा होता ते गेल्या वर्षी दिवाळीनंतर कळलं.

मतदार यादीची फेरतपासणी निघाली होती. घरोघरी फॉर्म वाटले होते आणि त्यात बावीस-तेवीस वर्षांपूर्वीच्या यादीतला आपला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक लिहायचा होता. आपलं नाव त्या यादीत नसेल तर आईचं किंवा वडिलांचं चालत होतं. आता इतक्या वर्षांपूर्वीचा आपला नंबर कोणाला पाठ असतो? माझं माहेर साखळीपासून तीन किलोमीटरवर. आमच्या वाड्यावर फॉर्म घेऊन फिरणारी टीचर प्राथमिक शाळेत शिकवते. शाळा सुटल्यावर ती बिचारी दारोदार फिरायची आणि लोक तिलाच विचारायचे, माझा नंबर किती. सुरुवातीला वेबसाइटवर जुन्या याद्यांची नुसती छायाचित्रं होती, पुसट, तिरकी, पानामागून पान. मग कधीतरी तिथे शोधायची सोय आली. एका चौकटीत स्वतःचं नाव, दुसऱ्या चौकटीत वडिलांचं किंवा नवऱ्याचं, खाली मतदारसंघ. मी ती बघितली आणि आईला फोन केला, "शनिवारी येतंय, लॅपटॉप घेऊन. वाड्यावरच्या सगळ्यांका सांग."

आई म्हणाली, "सगळ्यांका कित्याक? बाबांचां बघ, तुका तां पुरो."

"आनी तुजां?"

"माजी कागदां आसत. ती दाखयतलंय."

मला तेव्हाच थांबायला हवं होतं. पण मी सगळ्या वाड्याचं भलं करायला निघालेली. मी शेजारच्या काकीला फोन केला. काकीला सांगितलं म्हणजे वाड्याला सांगितलं.

शनिवारी दहाच्या सुमाराला आमच्या घरी ही गर्दी. बाहेर बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, बाकावर बाबा पेपर घेऊन बसले होते. ते खाणीवर ट्रकांच्या वजनकाट्यावर कारकून होते, आता निवृत्त आहेत. त्यांचं नाव पहिल्या फटक्यात सापडलं. आतेचंही सापडलं, ती आता नाही. पुरुषांचं काम पटापट झालं. बायकांचं मात्र अडलं. एकेक बाई खुर्चीवर येऊन बसायची, नाव सांगायची, मी टाकायची आणि पडद्यावर यायचं, एकही नोंद सापडली नाही. तीन बायकांचं तसं झाल्यावर एक जण घाबरून म्हणाली, "म्हणजे आमी नायच?"

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. आडनाव तर बदलतंच, नावही बदलतं. उठताना मुलगी वेगळीच कोणीतरी होऊन उठते. त्या जुन्या यादीच्या वेळी ज्यांची लग्नं झाली नव्हती, त्या बायका आपापल्या माहेरच्या गावात, माहेरच्या नावानं, बापाच्या नावाखाली बसलेल्या होत्या. आम्ही त्यांना सासरच्या नावानं हाका मारत होतो, त्या ओ कशा देणार?

"आता सगळ्यांनी माहेरचां नाव सांगा," मी म्हटलं. "आनी बापायचां."

तो तास मी विसरणार नाही. वीस-वीस वर्षं ज्या नावानं कोणी हाक मारली नाही ते नाव सांगताना बायका लाजत होत्या. एक हळू आवाजात सांगायची, दुसरी म्हणायची, अगो, तुजां असां नाव व्हतां? किती बरां व्हतां. आणि नाव टाकलं की सापडायचं. सत्तरी तालुक्यात, डिचोलीत, सावंतवाडीकडची एक होती ती तिकडच्या यादीत. एकीचं नाव सापडलं आणि त्याच्याच वर तिच्या वडिलांचं, जे जाऊन दहा वर्षं झाली. ती पडद्याला बोट लावून बसली. मी फुशारून गेले होते. वेबसाइटवर इतकं काय काय करून ठेवतात, फिरती चित्रं, सरकत्या पाट्या, आणि खरी उपयोगाची ही एवढीशी चौकट. नाव टाका, माणूस समोर. मी हे भाषण मोठ्यानं केलं आणि सगळ्यांनी ऐकून घेतलं.

आई चहा देत फिरत होती. दोनदा मी म्हटलं, आई, आता तू बस. पहिल्यांदा म्हणाली, दूध उतू जायत. दुसऱ्यांदा उद्यावर ढकललं, "माजां फाल्या बघूया."

"फाल्या कित्याक? दोन मिनटांचां काम."

आईचं लग्न त्या यादीच्या कितीतरी आधीचं, म्हणजे तिचं नाव बाबांच्या नावाखाली आमच्याच भागात असायला हवं. मी सासरचं नाव टाकलं. नाही. बाबांचं नाव नातेवाइकाच्या चौकटीत टाकलं. नाही. मला वाटलं, यादीतून राहून गेलं असेल. असू दे, आपण तिला तिच्या वडिलांवरून जोडू. आईचं माहेरही पेडण्याचंच, म्हणून मी पेडणे निवडलं आणि नातेवाइकाच्या चौकटीत आजोबांचं नाव टाकलं.

आई टोपातून चहा ओतत होती. ती म्हणाली, "बाय, राव."

ती थांब म्हणेपर्यंत मी बटण दाबलं होतं. चार ओळी आल्या. पहिली आजीची. दुसरी मामाची. तिसरी धाकट्या मामाची. चौथी एका बाईची, वय एकतीस, आणि नात्याच्या रकान्यात लिहिलं होतं, पिता.

"गावलां," मी ओरडले. "आई, तुजां माहेरचां नाव." आणि ते नाव मी सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. वयासकट.

तिथेच थांबले असते तरी निभावलं असतं. लग्नाआधीचं नाव कोणी काढलंच नसेल, असं सगळ्यांनी समजून घेतलं असतं. मीही तसंच समजले होते. पण मला खात्री करून घ्यायची खोड. अनुक्रमांक पडताळावा म्हणून मी त्या भागाचं मूळ पान उघडलं. आजी आणि मामा आधीच्या पानांवर होते. आईचं नाव अगदी शेवटी, वेगळ्या मथळ्याखाली. तो मथळाही मी वाचला. पुरवणी यादी, यंदा नव्यानं घातलेली नावं.

वाचून झाल्यावर मला त्याचा अर्थ कळला. नवं नाव आपोआप चढत नाही. कोणीतरी जाऊन अर्ज द्यावा लागतो, सही करावी लागते. एकतीस वर्षांची, सात वर्षांची मुलगी असलेली बाई पेडण्याला जाऊन आपलं जुनं नाव लिहून देते आणि नवऱ्याच्या जागी बापाचं नाव सांगते. याचा अर्थ न कळायला समोर बसलेल्या बायका काही दुधखुळ्या नव्हत्या.

बाहेर बाबांच्या पेपराचा आवाज येत होता तो बंद झाला. शेवटी शेजारची काकी उठली आणि म्हणाली, "पुरे गो आता, बाय. आमकां जेवणां करूची आसत." तिच्यामागे सगळ्या गेल्या. जाताना एकीनंही आईकडे बघितलं नाही, आणि काकीला यातलं सगळं आधीपासून माहीत होतं हे मला तिच्या पाठीवरून कळलं. झाकली मूठ तिनं एवढी वर्षं झाकून ठेवली होती. मी ती चारचौघींत उघडली, आणि वर म्हणे वाड्याचं भलं.

आईनं कप गोळा केले आणि मागच्या दारी धुवायला बसली. मी मदतीला गेले तर म्हणाली, "तू बस, तुजां काम कर." तिचा आवाज रागाचा नव्हता. मला तो रागाचा असता तर बरं वाटलं असतं. मला माझी लाज वाटत होती आणि लाजेच्या खाली राग होता, तो कोणावर ते कळत नव्हतं.

त्या वर्षाचं मला आठवत होतं ते एवढंच. चतुर्थीनंतर आई माहेरी गेली. आजीचा पाय मोडलाय, तिला कोणी बघायला नाही, असं मला सांगितलं होतं. मी आतेकडे आणि बाबांकडे राहिले. दर शुक्रवारी आते मला म्हापशाला न्यायची. शुक्रवारचा बाजार, पेडण्याहून आई यायची, साखळीहून आम्ही, आणि बसस्टँडाच्या मागे एका हॉटेलात भेटायचो. आई मला बांगडीच्या आकाराचा कडक पाव घेऊन द्यायची आणि चहात बुडवून खायला सांगायची. शुक्रवारची शाळा बुडते म्हणून मी खूश असायची. पाय मोडलेल्या आजीला टाकून आई दर आठवड्याला म्हापशापर्यंत येऊ शकते, तर पुढे तासाभराच्या बसनं घरी का येत नाही, हा प्रश्न मला सातव्या वर्षी पडला नाही हे ठीक. पण पुढे तेवीस वर्षांत तरी पडायला हरकत नव्हती. स्टोअरमधला वायसर शोधायला मी साहेबांशी भांडते आणि आईचं एक अख्खं वर्ष कुठे गेलं ते मी कधी बघितलं नाही.

आणखी एक गोष्ट तेव्हा जागेवर बसली. माझ्या लग्नात भटजींनी तांदळाचं ताट पुढे केलं तेव्हा आई गर्दीतून पुढे आली आणि म्हणाली, "हिचां नाव बदलूचां नाय." एवढंच. सासूबाई चमकल्या, बाबा खाली बघत राहिले. नवऱ्याला बरंच वाटलं, त्याच्या तोंडात माझं जुनं नाव बसलेलं. मी मात्र पुढे सगळ्यांना सांगत फिरले की माझी आई किती सुधारक आहे. आई सुधारक बिधारक काही नव्हती. तिला अनुभव होता.

रविवारी सकाळी बाबा देवळात गेले. आई मागच्या पायरीवर बांगडे साफ करत होती. मी तिच्याशेजारी बसले. काय विचारावं हे मला सुचत नव्हतं आणि ते तिनं ओळखलं.

"आजयेचो पाय मोडलो व्हतो, ता खरां," ती म्हणाली. "पण त्याच्या आदीच मी गेललंय. चवथीच्या दुसऱ्या दिसा तुज्या बाबांनी माका मारल्यान. घरात पावणे व्हते. भाजीत मीठ जास्त जालां म्हणान."

तिनं पुढचा बांगडा हातात घेतला.

"एकदाच. त्याच्या आदी नाय, मागीर नाय. सगळी म्हणत, एकदाच मा? पण माका एकदा पुरो जालां."

"आनी यादीत नाव?"

"ता मीच घातलंय. कोणी सांगूक नाय. पेडण्यां मामलेदाराच्या हापिसात गेलंय. लिवणाऱ्यान विचारलान, घोवाचां नाव? म्हटलां, बापायचां लिव. तो माज्या गळ्यातल्या मण्यांकडे बघी. म्हटलां, लिव तू." बांगड्याचं डोकं कापून तिनं बाजूला टाकलं. मांजर येऊन बसलं होतं. "सही करताना मदीच अडाकलंय. तां नाव लिवची सवय ऱ्हवली नव्हती. पण लिवलंय."

मी तिला विचारलं, मग परत का आलीस. उत्तर मला ठाऊक आहे असं मला वाटत होतं. माझ्यासाठी, असं ती म्हणणार आणि मग मला रडू येणार, अशी माझी तयारी होती.

"तुज्यासाठीच," ती म्हणाली. "पण तू समाजतस तसां नाय. तू पयलीं रडायचंस. बस सुटली तरी खिडकीतसून हात भायर काडून रडायचंस. ता माका सोसता व्हतां. रडता म्हणजे माजी वाट बघता. मगे एक शुक्रवार इलो. तू पाव खाल्लंस, आतेचो हात धरलंस, गाडीत चडलंस आनी बसलंस. मागे वळान बघूक नाय. बस गेली. मी थंयच उबी. म्हटलां, आता हिका माजी सवय सुटली. आनखी थोडे दीस गेले तर ही माका विसारतली. सोमवारा मी घराकडे इलंय."

ती उठली आणि मासळी धुवायला नळाकडे गेली. मी पायरीवर बसून राहिले. मांजरानं बांगड्याचं डोकं पळवलं.

आता फॉर्मचा प्रश्न होता. टीचर त्याच दिवशी दुपारी फॉर्म गोळा करायला येणार होती. आईला मी म्हटलं, ते नाव लिहायलाच पाहिजे असं नाही, रकाना कोरा ठेव, बोलावतील तेव्हा कागदपत्रं घेऊन जाऊ, मी सुट्टी घेते. कोरा ठेवला तर नाव रखडण्याची भीती होती. आई एकही मत चुकवत नाही, पाऊस असो ताप असो, सकाळी सातला रांगेत पहिली. तिचं नाव यादीतून गेलं असतं तर ते तिला फार लागलं असतं. आणि लिहिलं असतं तर ते वर्ष सरकारी फॉर्मवर, आमच्या घरातून, तिच्या हातानं पुन्हा बाहेर आलं असतं.

ती ताटं घ्यायला उठली. जेवणं झाली. बाबा आतल्या खोलीत गेले आणि कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात लग्नाच्या नोंदणीचा दाखला होता. त्यावर आईची दोन्ही नावं आहेत, माहेरचं आणि त्यांनी तांदळात लिहिलेलं. तो त्यांनी फॉर्मच्या बाजूला टेबलावर ठेवला, वर चष्म्याची डबी ठेवली वाऱ्यानं उडू नये म्हणून, आणि बलकांवात जाऊन बसले. तो पश्चात्ताप होता की नुसतीच कामाची शिस्त, हे मला अजून कळलेलं नाही. काट्यावर तीस वर्षं काढलेला माणूस, कागदाला कागद जोडतो. मी त्यांच्याकडे बघू शकत नव्हते. ज्या हातानं त्यांनी मला सायकल शिकवली तोच हात मला दिसत होता.

आईनं दाखला बघितला. मग पेन मागितलं आणि जुन्या यादीच्या रकान्यात आपलं माहेरचं नाव लिहिलं. सावकाश, एकेक अक्षर. नात्याच्या जागी वडिलांचं.

टीचर आली, बलकांवातच बसली, आणि एकेक फॉर्म तपासू लागली. आईच्या फॉर्मवर ती थांबली. "हें कोण?" तिनं विचारलं. "हें नाव कोणाचें?"

बाबा समोर बसले होते. मी दारात होते.

"ती मीच," आई म्हणाली.

"पेडण्यां? तेन्ना तुमी हांगा रावनाशिल्ल्यात?" तेव्हा तुम्ही इथे राहत नव्हता का, असं टीचर विचारत होती. तिच्या मनात काही नव्हतं, तिला नोंद करायची होती.

"नाय. तेंव्हा थंय व्हतंय. मागीर परत इलंय."

टीचरनं मान हलवली, दाखल्याचे नंबर उतरवून घेतले आणि पोच फाडून दिली. तिला अजून चार घरं करायची होती.

आमच्या गावात कोणाचं घर विचारलं तर माणूस आधी तुम्हाला विचारतो, तुम्ही कुठले, काम काय, त्यांच्या कोणाकडे आलात. मला त्याचा वैताग यायचा. सरळ सांगा ना, डावीकडे की उजवीकडे. आता वाटतं, त्या चौकशीत एक विचार होता. विचारणाऱ्याला काय सांगायचं आणि काय नाही हे तो माणूस तेवढ्या वेळात ठरवत असे. काकीनं तेवीस वर्षं तेच केलं. वेबसाइटवरची ती चौकट काही विचारत नाही. नाव टाकलं की आणून समोर ठेवते, आणि पुढचं तुम्ही बघा. तिचा दोष नाही. तिच्यामुळेच तर आईचं नाव राहिलं. स्टोअरमध्ये मी अजूनही तिच्यासाठी भांडेन. पण घरी मी आता कोणाचं नाव टाकायच्या आधी त्या माणसाकडे एकदा बघते.

चारच्या बसनं मला निघायचं होतं. आई साखळीच्या स्टँडापर्यंत सोडायला आली. एरवी येत नाही. पिशवीत तिनं नारळ दिले होते आणि बांगड्याचं सुकं एका डब्यात. बस लागली होती पण ड्रायव्हर चहा प्यायला गेला होता. आम्ही सावलीत उभ्या होतो.

"तुका तो शुक्रवार याद आसा?" तिनं विचारलं.

मी खरंच आठवून बघितलं. हॉटेलातलं संगमरवरी टेबल आठवलं. पाव चहात विरघळून तळाशी बसायचा ते आठवलं. आतेच्या अंगठ्याचं मोडकं नख आठवलं. तो शुक्रवार मात्र आठवला नाही. तिच्या उरलेल्या सगळ्या आयुष्याला ज्या दिवसानं वळण दिलं तो माझ्यापाशी नव्हताच. ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

"आसा," मी म्हटलं. "रडू येय व्हतां. तुका दिसू नये म्हणान बघूक नाय."

मला तिला बरं वाटायला हवं होतं, एवढंच. आपली मुलगी आपल्याला विसरत नव्हती हे तिला कळावं. आई म्हणाली, "तसां?" आणि माझ्या पिशवीची गाठ नीट केली.

ड्रायव्हर आला. मी चढले, खिडकीपाशी जागा मिळाली. बस हलल्यावर माझ्या लक्षात आलं मी काय सांगून बसले ते. मी विसरत नव्हते, तर तिला परत यायची गरज नव्हती. शुक्रवारी भेटत राहिलो असतो, मी रडले असते, मोठी झाले असते, आणि ती पेडण्याला तिच्या नावानं राहिली असती.

मी मागे वळून बघितलं. ती थंयच उबी होती, आणि तिनं हात केला नाही.